एका आकड्याची बखर

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष आहे. संगणकाच्या धंद्यातल्या वाचकांना तो फार सोपा वाटेल आणि आमच्या नातेवाईक वाचकांना फार अवघड. दोघांनीही थोडं सांभाळून घ्यावं. विषय आहे डेटाबेसला द्यायच्या मेमरीचा, आणि त्यातल्या एका आकड्याचा. आकडा आहे २५६. एका फाईलमधल्या एका ओळीत तो लिहिलेला होता. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, आणि त्याच रात्री या आकड्यापायी आमच्या पडद्यावरून सगळं कोकण पाऊण तास नाहीसं झालं. त्या कोकणात श्रीवर्धन तालुका आहे, तालुक्यात दिवेआगर आहे, आणि दिवेआगर हे माझं आजोळ.

हा आकडा तिथे कसा आला, आणि तो असा का वागला, हे शोधता शोधता मी बराच मागे, थेट १९६० पर्यंत गेलो. तीच ही बखर.

आधी घरच्या मंडळींसाठी थोडं. संगणकात माहिती ठेवायच्या जागा मुख्यतः दोन. एक डिस्क, म्हणजे घरातला माळा. भरपूर जागा, स्वस्त, आणि वीज गेली तरी सामान जागच्या जागी. पण वर चढा, शोधा, खाली उतरवा, यात वेळ जातो. दुसरी मेमरी, म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. हात पुढे केला की वस्तू हातात. पण ओटा लहान, महाग, आणि वीज गेली की त्यावरचं सगळं पुसलं जातं. डेटाबेस नावाचा स्वयंपाकी दिवसभर एवढंच ठरवत असतो की ओट्यावर काय राहू द्यायचं आणि माळ्यावर काय परत पाठवायचं. मिसळणाचा डबा ओट्यावरच हवा, पापडांचा पत्र्याचा डबा वर असला तरी चालेल. दिवेआगरच्या मामीला हे कुणी शिकवावं लागलं नाही. संगणकाला शिकवायला मात्र मोठमोठ्या लोकांची पंचवीस-तीस वर्षं खर्ची पडली.

आपल्याकडचा एक जुना ओटा बघा. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये १९६० साली 'टिफरॅक' हा संगणक चालू झाला. भारतात घडवलेल्या पहिल्यावहिल्या संगणकांपैकी हा एक. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला हे नाव दिलं. त्याची मेमरी म्हणजे तारांमध्ये ओवलेल्या फेराइटच्या बारीक कड्या. ४० बिटांचा एक शब्द, असे २०४८ शब्द. आजच्या हिशेबाने १० किलोबाइट. तुम्ही आत्ता वाचताय तो लेखसुद्धा त्यात मावणार नाही. एवढ्याशा जागेत काय ठेवायचं आणि काय काढायचं हे प्रोग्रॅम लिहिणारा माणूस स्वतः कागद-पेन्सिल घेऊन ठरवायचा. ओटा छोटा, पण तिथे काय ठेवलंय आणि का ठेवलंय हे त्याला पक्कं ठाऊक असायचं.

हे ठरवायचं काम माणसाच्या हातून यंत्राकडे गेलं ते इंग्लंडमध्ये. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अ‍ॅटलस' बांधला, आणि डिसेंबर १९६२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्यात कड्यांची मेमरी १६ हजार शब्दांची आणि फिरत्या ड्रमवरची जागा ९६ हजार शब्दांची. गंमत अशी की प्रोग्रॅमरला या दोन जागा वेगळ्या दिसतच नसत. त्याला सगळा मिळून एकच लांबलचक ओटा दिसे. कुठलं पान मेमरीत ठेवायचं आणि कुठलं ड्रमवर पाठवायचं हे यंत्र आपलं आपण बघे. केवढी सोय! पण सोयीबरोबर एक गोष्ट गेली. आपला ओटा खरोखर केवढा आहे, हे माणूस विसरायला लागला.

याचा फटका सहा वर्षांत दिसला. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करायची पद्धत रूढ होत होती, आणि ही यंत्रं मधेच अचानक गुडघे टेकत. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली त्यामागचं कारण मांडलं. प्रत्येक प्रोग्रॅमला कुठल्याही घटकेला काही ठरावीक पानं हाताशी लागतातच. त्याला त्यांनी 'वर्किंग सेट' म्हटलं. सगळ्यांच्या वर्किंग सेटची बेरीज मेमरीपेक्षा मोठी झाली की हळद हवी म्हणून मोहरी माळ्यावर जाते, आणि पुढच्याच क्षणी मोहरी हवी म्हणून हळद. सगळा दिवस शिडीवर, आणि चूल थंड! याला म्हणतात 'थ्रॅशिंग'. यातला लक्षात ठेवायचा भाग असा की ही घसरण हळूहळू होत नाही. पन्नास माणसांपर्यंत सगळं सुरळीत चालतं, आणि एक्कावन्नावा आला की काम थोडं मंदावत नाही, एकदम कोसळतं.

नंतर डेटाबेस आले आणि एक नवीनच भांडण सुरू झालं. ओट्याचा मालक कोण? बर्कलीला 'इंग्रेस' हा डेटाबेस बांधणाऱ्या मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८१ साली एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांची तक्रार ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल होती. ऑपरेटिंग सिस्टिमचा ठोकताळा असा की जे नुकतंच वापरलं ते परत लागेल, म्हणून ते जवळ ठेवा. डेटाबेसला मात्र ठाऊक असतं की हे मोठं टेबल आपण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकदाच वाचणार आहोत, त्यातलं काही परत लागणार नाही. पण त्याचं ऐकतो कोण? म्हणून डेटाबेसवाल्यांनी आपला वेगळा ओटा मांडला. परिणाम असा की बऱ्याचदा एकच डबा दोन्ही ओट्यांवर! स्टोनब्रेकर यांनीच १९८६ च्या सुमारास 'पोस्टग्रेस' सुरू केला, १९९६ पासून तो 'पोस्टग्रेएसक्यूएल' म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्यात हा दोन ओट्यांचा संसार अजून चालू आहे. त्याच्या माहितीपुस्तिकेत सल्ला असतो की यंत्राच्या मेमरीच्या साधारण चौथा हिस्सा डेटाबेसच्या ओट्याला द्या, बाकीची ऑपरेटिंग सिस्टिमकडे राहू द्या. नवीन माणसाला हे पटत नाही. आहे मेमरी तर सगळी देऊन टाकावी की! पण चाळीस टक्क्यांच्या पुढे सहसा काही फायदा होत नाही, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

किती ठेवावं, या प्रश्नाचं मला सगळ्यात आवडलेलं उत्तर जिम ग्रे यांचं. त्यांनी आणि फ्रँको पुट्झोलू यांनी १९८७ साली 'पाच मिनिटांचा नियम' मांडला. जे पान दर पाच मिनिटांत एकदा तरी लागतं ते मेमरीत ठेवणं स्वस्त. त्याहून कमी वेळा लागणारं डिस्कवर राहू द्यावं. हा नियम त्यांनी तेव्हाच्या डिस्कच्या आणि मेमरीच्या किमतींवरून काढला होता, आणि किमती बदलल्या तर हिशेब परत मांडायचा, हे त्यातच अभिप्रेत होतं. तसा तो मांडलाही गेला. दहा वर्षांनी खुद्द ग्रे यांनी, गोएट्झ ग्रेफ यांना बरोबर घेऊन. आकड्याबरोबर आकड्याचं कारण सांगायची ही रीत मला फार मोलाची वाटते. पुढे २८ जानेवारी २००७ ला ग्रे आईच्या अस्थी विसर्जित करायला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समुद्रात एकटेच शिडाची बोट घेऊन गेले आणि परतले नाहीत. हजारो लोकांनी घरबसल्या उपग्रहांची छायाचित्रं चाळली. बोट सापडली नाही. किनाऱ्यावरच्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

*

आता नेटवर्कच्या देखरेखीकडे वळू, कारण २५६ चा आकडा तिथला.

नेटवर्कमधल्या यंत्रांना 'कसं काय, बरंय ना?' असं विचारायची एक सामायिक बोली १९८८ साली ठरली. तिचं नाव एसएनएमपी. तिच्या जोरावर टोबियस ओटिकर यांनी लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात असताना 'एमआरटीजी' लिहिलं. विद्यापीठाला बाहेरच्या जगाशी जोडणारी लाईन ६४ किलोबिटची, आणि ती किती भरली आहे हे सगळ्यांना बघायचं होतं. १९९५ च्या वसंतात ते लोकांच्या हाती आलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं, म्हणून ते साल माझ्या लक्षात राहतं. एमआरटीजी दर पाच मिनिटांनी यंत्रांना हाक मारी आणि आलेख काढी. (ग्रे यांच्या पाच मिनिटांशी याचा संबंध नाही, निव्वळ योगायोग.)

पण दर पाच मिनिटांच्या नोंदी साठवत गेलं तर माळासुद्धा भरतो. यावर ओटिकर यांनी काढलेला तोडगा म्हणजे ठरवून विसरणं. दिवसाचा आलेख पाच मिनिटांच्या सरासरीचा, आठवड्याचा अर्ध्या तासाच्या, महिन्याचा दोन तासांच्या आणि वर्षाचा अख्ख्या दिवसाच्या सरासरीचा. जुनं जसजसं जुनं होत जाईल तसतसं धूसर. याच कल्पनेवर त्यांचं 'आरआरडीटूल' १९९९ साली आलं. त्यातली फाईल पहिल्या दिवशी जेवढी असते तेवढीच दहा वर्षांनी.

नेटवर्कं मोठी झाली तशी नुसते आलेख पुरेनात. कुठला टॉवर कधी बंद पडला, कशामुळे, कोण दुरुस्तीला गेलं, हे सगळं खऱ्याखुऱ्या डेटाबेसात जायला लागलं. २०२० साली मी अशाच एका देखरेख यंत्रणेवर काम करत होतो. सर्व्हरची मेमरी ३२ गिगाबाइट. त्यातले १२ डेटाबेसच्या ओट्याला, १० देखरेखीच्या प्रोग्रॅमला. उरले १०. वर्षानुवर्षं ती यंत्रणा तक्रार न करता चालली होती.

३ जूनला दुपारी वादळ किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. विजेचे खांब पडले, आडव्या झालेल्या झाडांनी केबल तोडल्या. पण पडद्यावरचा खरा कल्लोळ दुपारचा नव्हता. वीज गेली तरी टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतो. 'वीज गेली', 'बॅटरीवर आहे', 'बॅटरी संपत आली' असे निरोप एकेक टॉवर पाठवतो, आणि मग गप्प होतो. तो गप्प झाला की त्याच्या पलीकडची यंत्रंही दिसेनाशी होतात आणि त्यांच्या नावाने वेगळ्या नोंदी पडतात. त्यामुळे कोकणावरचं वादळ ओसरलं तेव्हा आमचं सुरू झालं.

त्याच वेळी, एरवी पंधरा-वीस जण उघडत असलेलं ते पान, सगळ्यांनी उघडलं. दुरुस्तीच्या तुकड्यांनी, साहेबांनी, साहेबांच्या साहेबांनी. टाळेबंदीमुळे प्रत्येक जण घरून. सगळ्यांचा प्रश्न एकच: गेल्या चोवीस तासांतल्या नोंदी, तालुक्यांप्रमाणे लावून दाखव. लावून दाखवायची म्हणजे सॉर्ट करायची, आणि सॉर्ट करायला मेमरी लागते. एका सॉर्टने किती मेमरी घ्यावी हे 'वर्क_मेम' नावाच्या ओळीत सांगतात. तिथे होता आपला २५६. म्हणजे २५६ मेगाबाइट.

यातला फसवा भाग असा की ही मर्यादा अख्ख्या डेटाबेसाची नसते. एका माणसाचीही नसते. ती एकेका सॉर्टची असते. एका प्रश्नात दोन सॉर्ट असले तर दुप्पट. लग्नघरात प्रत्येक आचाऱ्याला सांगावं की तुला हवी तर ही भलीमोठी परात घे. पंधरा आचारी असतात आणि त्यातल्या दोघांनाच परात लागते, तोवर सगळं ठीक. ज्या दिवशी चाळीस जण एकदम कणीक मळायला बसतात, त्या दिवशी चाळीस गुणिले २५६ म्हणजे बरोबर १० गिगाबाइट. उरलेला सगळा ओटा! ऑपरेटिंग सिस्टिमला पाय ठेवायला जागा नाही. मग सुरू झालं डेनिंग यांनी १९६८ मध्ये लिहून ठेवलेलं शिडीवरचं चढउतार. आणि त्यानेही भागेना तेव्हा लिनक्सने आपलं शेवटचं हत्यार काढलं. मेमरी संपली की लिनक्स एखाद्या प्रोग्रॅमचा बळी घेतो. त्याने डेटाबेसाच्या एका प्रक्रियेला मारलं. असं झालं की सामायिक ओट्यावर अर्धवट काही सांडलं असेल या धास्तीने पोस्टग्रेएसक्यूएल बाकीच्या सगळ्या प्रक्रिया स्वतःच थांबवतो आणि सगळं पहिल्यापासून मांडतो. ते मांडून होतं न होतं तोच बाहेर ताटकळलेले सगळे एकदम आत घुसले, आणि परत तेच. असं तीनदा झालं.

त्या पाऊण तासात कुठलं गाव तुटलंय आणि कुठलं अजून बॅटरीवर श्वास घेतंय हे कुणालाच सांगता येत नव्हतं. डिझेल घेऊन निघालेल्या गाडीने म्हसळ्याला जावं की श्रीवर्धनला, हे त्या पडद्यावर ठरायचं होतं. मुंबईतले शेकडो लोक त्या रात्री गावाकडचे नंबर पुन्हा पुन्हा लावत होते. त्यांत माझी आईही होती.

*

त्या रात्री जो उपाय केला तो अगदी साधा. १० गिगाबाइटमध्ये आणखी मेमरी घालायची, असं आधी कुणीतरी सुचवलं. रात्री ती आणायची कुठून? शिवाय दुप्पट मेमरीने चाळीसाऐवजी ऐंशी सॉर्ट झाले असते, आणि बघणारे त्याहून जास्त होते. म्हणून उलट केलं. २५६ चा १६ केला. एका वेळी डेटाबेसपर्यंत चाळीसच जण पोचतील, बाकीचे दाराशी रांगेत थांबतील, अशी मधे एक व्यवस्था घातली. प्रत्येकाने दोन सॉर्ट केले तरी चाळीस गुणिले दोन गुणिले सोळा म्हणजे १२८० मेगाबाइट. प्रत्येकाचं उत्तर यायला दोन-तीन सेकंद जास्त लागले, पण सगळ्यांना उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी डेटाबेसचा ओटाही १२ वरून ८ वर आणला, चौथ्या हिश्शावर. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकणाच्या किनाऱ्याजवळून वर गेलं तेव्हा यंत्रणा रात्रभर उभी होती.

मग मी त्या आकड्याच्या मागे लागलो. २५६ ठेवला कुणी, आणि का? फाईलमध्ये काही लिहिलेलं नव्हतं. जुन्या मेल उकरल्यावर कळलं की काही वर्षांपूर्वी महिनाअखेरचा एक अहवाल निघायला अर्धी रात्र लागे. तेव्हाच्या एका सहकाऱ्याने तो आकडा वाढवला आणि अहवाल काही मिनिटांत निघायला लागला. त्या वेळी यंत्रणा वापरणारे होते मोजून पंधरा. त्याचा निर्णय चोख होता. तो नंतर दुसरीकडे गेला, तो अहवालही बंद झाला, वापरणारे पंधराचे काहीशे झाले. आकडा मात्र तिथेच राहिला, आणि कारण त्या माणसाबरोबर निघून गेलं. एका सॉर्टला दिलेल्या त्या जागेत सव्वीस हजार टिफरॅकांची मेमरी मावते. पण टिफरॅकच्या माणसाला आपल्या प्रत्येक शब्दाचं कारण ठाऊक होतं, आणि आम्हाला एका आकड्याचं नव्हतं.

मामीचा फोन लागला तो बऱ्याच दिवसांनी. "वाडी झोपली रे. सुपारी सगळी आडवी. आम्ही आहोत." एवढंच बोलून तिने फोन ठेवला, कारण चार्जिंग दुसऱ्याच्या जनरेटरवरचं. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं झाड लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, आणि वाड्यांत आजोबा-पणजोबांच्या हातची झाडं होती. कुठलं झाड कुणी कधी लावलं हे मामा सांगू शकतो. लिहून ठेवलेलं काही नाही.

आमच्या यंत्रणेत कच्च्या नोंदी नव्वद दिवसांनी पुसल्या जात. मी त्या रात्रीच्या नोंदी वेगळ्या काढून ठेवायला लावल्या. वर्षाच्या आलेखात निसर्ग म्हणजे एक बारीक खाच दिसते. पण कुठला टॉवर आधी गेला, कुठला पहाटेपर्यंत टिकला, हा क्रम सरासरीत उरत नाही, आणि पुढच्या वादळात बॅटऱ्या कुठे वाढवायच्या ते त्या क्रमावरूनच कळतं.

दिवेआगरला सापडलेला एक ताम्रपट मराठीच्या अभ्यासकांना चांगला माहीत आहे. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्यावर शक कोरलेला आहे, ९८२, म्हणजे इ. स. १०६०. तो व्यवहार करणारी माणसं गेली, राज्यं गेली, किनाऱ्यावरून किती वादळं गेली त्याची गणती नाही. तरी साडेनऊशे वर्षांनंतर कुणीही तो वाचून म्हणू शकतो की हे अमुक साली ठरलं. तांबं टिकतं म्हणून तो टिकला हे खरंच. पण तारीख नसती तर त्यावर नुसता वाद घालत बसावं लागलं असतं.

तेव्हापासून आमच्या गटात एक शिरस्ता आहे. सेटिंगच्या फाईलमध्ये कुठलाही आकडा बदलला की त्याच्या वर तीन गोष्टी लिहायच्या: तारीख, किती माणसं वापरतात, आणि का बदलला. १६ च्या वर लिहिलंय: '३ जून २०२०. निसर्ग. एका वेळी चाळीस.' उद्या मेमरी स्वस्त होईल, माणसं वाढतील, आणि कुणीतरी तो आकडा बदलेल. खुशाल बदलावा. फक्त आपण काय बदलतोय हे त्याला वाचता यावं, एवढंच.